एका जळक्या व्हॉल्व्हसाठी चार गावं

कोरेगावहून साताऱ्याची मोटार सुटली तेव्हा माझ्या मांडीवर पुठ्ठ्याचा एक डबा होता. डब्यात कापूस होता आणि कापसात पेल्याएवढा एक काचेचा व्हॉल्व्ह. तो जळालेला होता. कामातून गेलेली वस्तू इतक्या जपून नेणारा उतारू त्या मोटारीत मी एकटाच होतो. शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर कोंबडी होती, आणि ती निदान जिवंत होती.

हा व्हॉल्व्ह आमच्या वाचनालयाच्या रेडिओचा. रेडिओ हॉलंडात बनलेला. लढाईच्या आधी मुंबईहून आणलेला, आणि कोरेगावात वीज नसल्यामुळे बॅटरीवर चालणारा. लढाईची सगळी वर्षं तो बिनबोभाट वाजला आणि लढाई संपल्यावर पहिल्याच दिवाळीनंतर बंद पडला. त्याच्या पोटातल्या व्हॉल्व्हांपैकी आवाज मोठा करणारा शेवटचा व्हॉल्व्ह गेला होता. वाचनालयाच्या समितीच्या यावर तीन सभा झाल्या. दोष कोणाचा, हा पहिल्या सभेतला विषय होता. दुसऱ्या सभेत दुरुस्ती समितीच्या अखत्यारीत येते की नाही याचा खल झाला. तिसऱ्या सभेत अध्यक्ष अण्णासाहेब वकील म्हणाले, "कुलकर्णी मास्तर बी.एस्सी. आहेत. शाळेत सायन्स शिकवतात. त्यांनीच जावं."

मी सायन्स शिकवतो हे खरं आहे. इलेक्ट्रॉन कुठून निघतो आणि कुठे जातो, हे मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवतो. पण रेडिओचं मागचं झाकण मी त्या दिवसापर्यंत कधी उघडलेलं नव्हतं. समितीला मी हे सांगितलं नाही. मला पाच दिवसांची रजा मिळत होती.

"आणि जळका व्हॉल्व्ह परत आणा," अण्णासाहेबांनी बजावलं. "ती संस्थेची मालमत्ता आहे."

निघायच्या आदल्या संध्याकाळी हौसाबाई जाधव माझ्या दाराशी आली. तिचा थोरला मुलगा सखाराम पलटणीबरोबर मलायात गेला होता. सिंगापूर पडलं आणि त्यानंतर त्याचं अक्षर आलं नव्हतं. तो मेला असंही कोणी कळवलं नव्हतं आणि जगला असंही नाही. आता जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या शिपायांची नावं दिल्ली रेडिओवरून मंगळवारी आणि शुक्रवारी वाचून दाखवतात, असं गावात कळलं होतं, आणि नेमका तेव्हाच आमचा रेडिओ मुका झाला होता. तरीही हौसाबाई रोज संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसत होती. सवय मोडू नये म्हणून, असं ती म्हणे.

"मास्तर, बल्ब गावंल न्हवं?" तिनं विचारलं.

"मिळेल."

"कवा?"

"तीन-चार दिवसांत."

"मंगळवार तर जाणारच. शुक्रवारच्या सातच्या आत या," ती म्हणाली आणि वळून गेली. अण्णासाहेबांच्या तीन सभांपेक्षा हा हुकूम मला जास्त स्पष्ट कळला.

साताऱ्यात राजवाड्याजवळ रेडिओचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे काचेचं कपाट, एक टेबल आणि टेबलामागे लोकरीची टोपी घातलेले मालक. त्यांनी माझा व्हॉल्व्ह कापसातून काढला, उजेडात धरला आणि त्याच्या बुडावरचा नंबर वाचला. मग घरातलं वडीलधारं माणूस गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात ते म्हणाले, "हा आता येत नाही."

"मग काय करावं?"

"नवीन सेट घ्या."

"दाखवा."

"नवीन सेटही येत नाहीत."

"मग तुमच्याकडे काय येतं?"

"कॅटलॉग आहे," ते म्हणाले आणि त्यांनी खरोखरच कॅटलॉग काढला. लढाईच्या आधीचा, रंगीत चित्रांचा. सागवानी पेटीतले रेडिओ, त्यांच्याभोवती बसलेली गोरी कुटुंबं, शेकोटीपाशी झोपलेला कुत्रा. आम्ही दोघांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला. मधे त्यांनी चहाही मागवला. दुकानात काहीच नसल्यामुळे त्यांना कोणतीच घाई नव्हती, आणि मी जायला निघालो तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं.

"सांगलीला जा," त्यांनी पायरीपर्यंत येऊन सांगितलं. "संस्थानी मुलूख आहे. तिथे सगळं मिळतं."

सातारचे लोक सांगलीबद्दल असं बोलतात. सांगलीचे लोक कोल्हापूरबद्दल असंच बोलतात, हे मला पुढे कळलं. साताऱ्याहून रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मी कंदी पेढे घेतले. साखरेच्या रेशनमुळे त्यांत गोडी नावाला उरली होती, पण पुड्यावरचा दोरा पूर्वीइतकाच घट्ट बांधत होते.

मुक्काम करून मंगळवारी सकाळी गाडीला निघालो. सातारा रोड या नावाचं स्टेशन साताऱ्यापासून दहा मैलांवर आहे. रूळ टाकणाऱ्यांना सातारा दुरून पाहूनच समाधान झालं असावं. गाडीत पलटणीतून घरी चाललेले जवान, त्यांच्या लोखंडी ट्रंका आणि त्या ट्रंकांवर बसलेले इतर सगळे. मला खिडकीपाशी जागा मिळाली ती एका म्हाताऱ्या धनगराच्या मेहेरबानीने. तो जतकडचा, माणदेशाच्याही पलीकडच्या कोरड्या मुलखातला. घोंगडी विकून घरी चालला होता. त्याच्या बोलण्यात मधूनच कानडी हेल येई. बराच वेळ त्यानं माझ्या डब्याकडे पाहिलं.

"आवं, अंडी हायत व्हय?"

"नाही. रेडिओचा व्हॉल्व्ह आहे."

"जित्ता हाय?"

"नाही, जळालाय."

"मग घिऊन कशापायी फिरताय?"

"अगदी असाच दुसरा शोधायचाय."

तो विचारात पडला. रहिमतपूर गेलं. मग म्हणाला, "आमचं मेंढरू मेलं तर आमी त्येच्या तोंडावळ्याचं न्हाई हुडकत. कळपात चालंल आसं बगतो."

मेंढरू आणि व्हॉल्व्ह यांतला फरक त्याला समजावून सांगणं हे मला माझं कर्तव्य वाटलं. मी इलेक्ट्रॉनपासून सुरुवात केली. तार तापते, तारेतून कण सुटतात, ते पत्र्याकडे धावतात. कऱ्हाड यायच्या आत म्हातारा शांत झोपला होता. माझ्या वर्गातही साधारण इतकाच वेळ लागतो. त्याचं म्हणणं बरोबर होतं हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले.

सांगलीत पेठेत शिरलो की पहिल्यांदा हळदीचा वास येतो. पोत्यांतून, गाड्यांतून, हमालांच्या मुंडाशांतून. पाण्याच्या पेल्यालासुद्धा तो लागलेला असतो. खाणावळीत कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत आणि शाळूची भाकरी मिळाली. वाढप्याला मी रेडिओच्या दुरुस्तीचं विचारलं तर तो म्हणाला, "इंजिनिअरसायबाकडं जावा. त्यांच्याकडं न्हाई आसं काय न्हाई."

बुधवारी सकाळी मी त्या इंजिनिअरसाहेबांच्या दुकानात होतो. पाटीवर त्यांच्या नावापुढे इतकी अक्षरं होती की नाव पाटीच्या कोपऱ्यात गेलं होतं. आत भिंतीवर विलायतेहून टपालाने मिळवलेलं एक प्रशस्तिपत्र चौकटीत लावलं होतं, आणि त्याला ताजा हार होता. साहेबांनी माझा व्हॉल्व्ह हातात घेतला, कानाशी हलवला आणि मग त्याचा वास घेतला.

"इमिशन गेलं," ते म्हणाले.

मी मान हलवली. माझ्यासारख्या बी.एस्सी. माणसाने अशा वेळी मान हलवायची असते.

"असा मिळेल का?"

"हिंदुस्थानात नाही." ते थांबले. त्यांनी माझ्याकडे, माझ्या कोटाकडे आणि पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. "पण तुम्ही शाळामास्तर. विद्यादानाचं काम. बसा."

ते आत गेले. आत बराच वेळ खुडबुड झाली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक व्हॉल्व्ह होता, आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगात माझ्याच व्हॉल्व्हचा नंबर होता. अक्षर ठळक, सुबक, नुकतंच लिहिल्यासारखं. नुकतंच लिहिल्यासारखं का दिसतंय, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. आलं ते एवढंच की छपाई काय सुंदर आहे.

"लावून पाहता येईल का?"

"बॅटरी चार्जिंगला गेलीय. पण मी सांगतो ना."

त्यांनी सांगितलं म्हणून मी घेतला. बुडाला काड्या थोड्या वेगळ्या दिसतात असं मी भीतभीत म्हणालो, तर "नवीन पद्धतीचं आहे, जरा दाबून बसवा," असं उत्तर मिळालं. पेढ्यांचा पुडाही त्यांनी आनंदाने स्वीकारला. बाहेर पडून मी पोस्टात गेलो आणि अण्णासाहेबांना कार्ड टाकलं: काम फत्ते, शुक्रवारी येतो. त्या दिवशी गणपतीच्या देवळात मी जरा जास्तच ताठ मानेने गेलो.

मिरजेला जाऊन दुपारची पुण्याकडची गाडी धरली. समोर खाकी कोट घातलेला, तिशीतला एक माणूस बसला होता. त्याचा डावा पाय सरळ पुढे केलेला होता. गुडघ्यात तो वाकत नव्हता. मिरजेच्या इस्पितळात पाय दाखवून तो शिराळ्याला आपल्या गावी चालला होता. गणपत पाटील, सिग्नल पलटणीतला हवालदार, ब्रह्मदेशात जखमी होऊन घरी आलेला. घरी ऊस, पण ऊस भाऊ बघत होता. मी डबा उघडून माझा नवा व्हॉल्व्ह कौतुकाने पाहत होतो, तेव्हा त्यानं हात पुढे केला.

"बगू द्या की, मास्तर."

त्यानं तो व्हॉल्व्ह बोटांत फिरवला. मग अंगठ्याचं नख पांढऱ्या नंबरावर ठेवून ओढलं. नंबर निघून आला. खाली दुसराच नंबर होता, पुसट, कारखान्यात छापलेला.

"ह्यो विजेवरच्या सेटातला हाय," हवालदार म्हणाला. "तुमच्या बॅटरीवर ह्यो तापायचाबी न्हाई. आन् त्येच्यातबी मेलेला हाय. ऐका." त्यानं तो माझ्या कानाशी हलवला. आत काहीतरी सुटं खुळखुळलं.

लाज वाटली हे तर झालंच, पण त्याहून जास्त, पायरीवर बसलेली हौसाबाई दिसली. आता परत सांगलीला जाऊन भांडायला वेळ नव्हता, आणि भांडून त्या साहेबांच्या कपाटातून खरा व्हॉल्व्ह निघणार नव्हता. मी हवालदाराला सगळं सांगितलं. कोणासाठी, कशासाठी, शुक्रवार, सात वाजता. मलाया म्हटल्यावर त्यानं मेलेला व्हॉल्व्ह माझ्या डब्यात परत ठेवला. किर्लोस्करवाडी मागे पडत होती.

"माज्या घरी एक हाय. अमेरिकन. वायरलेसचा. तुमचा त्यो न्हाई, पर त्येच काम करणारा. तापवून दावतो. ताकारीला उतरा माज्यासंगं."

"पण आमच्या सेटला अमेरिकन व्हॉल्व्ह बसेल कसा?"

"बसत न्हाई. बसवायचा आसतोय."

ताकारीला उतरलो तो पोलिसांच्या हातात. या भागात भूमिगतांच्या शोधात पोलीस अजून माणसं तपासत होते. माझी वळकटी सोडली, हवालदाराची ट्रंक उघडली, आणि मग एका फौजदाराला माझा डबा सापडला. काच, तारा आणि कापूस एकत्र पाहून त्याचे डोळे चमकले.

"हे काय?"

"रेडिओचा व्हॉल्व्ह."

"बिनतारी?"

"तसं म्हटलं तर—"

"तसं म्हणू नका," हवालदार माझ्या कानाशी पुटपुटला. पण उशीर झाला होता. फौजदाराने दोन्ही व्हॉल्व्ह काढले. काळा पडलेला पाहून तो म्हणाला, "हा तर खलास आहे," आणि परत दिला. नवा दिसणारा मात्र त्यानं दोन बोटांत, अंगापासून लांब धरला. पंच म्हणून एक पानवाला बोलावला आणि पंचनामा केला: काचेचे एक यंत्र, नंबर खोडलेला, आत काहीतरी हलते. हवालदाराने त्याला कडक सलाम ठोकला, तेव्हा आमची सुटका झाली. सांगलीचा व्हॉल्व्ह सरकारजमा झाला.

"बेस झालं," बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला. "सायबाचा माल सायबाकडं ग्येला."

इस्लामपूरपर्यंत टांगा मिळाला. तिथून शिराळ्याची मोटार कोळशावर चालणारी होती. पेट्रोलच्या टंचाईत अशाच मोटारी उरल्या होत्या; मागे पिंपाएवढी भट्टी, तिच्यात कोळसा, आणि त्याच्या धुरावर इंजिन. चढ आला की ड्रायव्हर शांतपणे म्हणे, "उतरा मंडळी." मंडळी उतरत, ढकलत, पुन्हा चढत. हवालदाराला पायामुळे सूट होती. तो आत बसून "लावा जोर" असं सांगत होता. लांबवर उसाचे फड, गुऱ्हाळांचा धूर, गुळाचा वास. भट्टीच्या धुराने आमचे चेहरे इतके काळे झाले होते की दिवस मावळताना शिराळ्यात उतरलो, तेव्हा हवालदाराच्या आईने दोघांपैकी मुलगा कोणता हे लंगडण्यावरून ओळखलं.

जेवण झाल्यावर मी व्हॉल्व्हबद्दल विचारलं. हवालदार जरा घुटमळला.

"हाय. पर देवघरात हाय."

"देवघरात?"

"मी लढाईस्नं आलो तवा त्यो माज्या खिशात हुता. आई म्हनली, ह्येच्यासंगं पोरगा जित्ता आला. तवाधरनं त्येची पूजा हुतीया."

मी वाकून पाहिलं. समईच्या उजेडात खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, आणि त्यांच्या मधोमध अमेरिकेत बनलेला एक व्हॉल्व्ह. काचेवर हळद, काचेवर कुंकू, बुडाला आठ काड्या.

"तुम्ही मागा ना आईंना," मी म्हणालो.

"मास्तर, पंचमीला मी हातानं नाग धरतो," हवालदार हळू आवाजात म्हणाला. "पर आईच्या देवघराला हात न्हाई लावत. तुमीच मागा."

सकाळी मी मागितला. म्हातारी चुलीपाशी भाकरी थापत होती. मी सगळं पुन्हा सांगितलं, पण या वेळी इलेक्ट्रॉन वगळून. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली आणि मग विचारलं, "त्या बाईच्या पोराचं पत्तर येऊन किती वर्सं झाली?"

"तीन होऊन गेली."

"माज्या पोराचं आठ म्हयनं पत्तर नव्हतं. तवा मला भाकर ग्वाड लागत नव्हती." ती उठली, हात धुतले, देवघरातून व्हॉल्व्ह आणला आणि पदराने पुसला. माझ्या हातात देता देता थांबली. "तुमी येवडी शिकलेली मानसं. ह्यो येवडासा काचंचा दिवा तुमास्नी करता येत न्हाई व्हय?"

"नाही आई."

"मग शाळंत काय शिकवता?"

मी व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी घेतला.

गुरुवारचा दिवस कामात गेला. हवालदाराने पहिल्यांदा माझा जळका व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळला आणि त्याची काच फोडली. संस्थेची मालमत्ता फुटताना मला अण्णासाहेबांचा चेहरा दिसला, पण मी अडवलं नाही. हवालदाराला हवी होती ती फक्त जुनी बैठक, म्हणजे सेटमध्ये नेमकी बसणारी बुडाची वाटी. तिच्यावर अमेरिकन व्हॉल्व्ह उभा करून खालच्या तारा एकेक करून जोडायच्या, असा बेत होता. डाग द्यायला कथील हवं. ते कल्हईवाल्याकडून आणलं, बरोबर नवसागराचा खडा. डागणी चुलीत लाल करायची, तिला नवसागर दाखवायचा, कथील उचलायचं आणि तार थंड व्हायच्या आत टेकवायचं. मी तारा धरत होतो. दोनदा बोट भाजलं, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

"आता खरी गोम," हवालदार म्हणाला. "तुमचा सेट दोन व्होल्ट देनार. ह्येला दीडच्याबी आत पायजे. तसाच लावला तर दोन मिंटं लय झ्याक वाजंल, आन् मग मरंल. मधी तार घालाय पायजे, अडवनारी." त्याच्या ट्रंकेत पलटणीतली बारीक तार होती. त्यानं ती बोटांवर मोजली. "चार बोटं."

मी म्हटलं थांबा, हिशेबाने काढू. इथे तरी माझी पदवी कामाला येईल असं वाटलं. त्यानं आकडे सांगितले, मी सूत्र मांडलं. माझं गणित पानभर चाललं. उत्तर आलं चार बोटं आणि अर्धं नख.

"नख ऱ्हाऊ द्या," हवालदार म्हणाला आणि त्यानं तार तोडली.

तपासायला त्याच्याकडे सेट नव्हता. त्यानं टॉर्चचा सेल लावून फक्त आतली तार तापते एवढं दाखवलं. अंधाऱ्या कोपऱ्यात काचेच्या आत लालसर रेघ उमटली. मी ती पाहत राहिलो. वीस वेळा मी ही रेघ फळ्यावर लाल खडूने काढली होती, आणि खरी मात्र आज पहिल्यांदा पाहत होतो.

"पुढचं तुमी जुळवा," तो म्हणाला. "मला काय त्या गाडीत पाय वाकवता येत न्हाई. नायतर आलो आसतो."

शुक्रवारी पहाटेच्या मोटारीने निघालो. या मोटारीलाही चढ आवडत नव्हते. कऱ्हाडला गाडी अगदी सुटता सुटता मिळाली, आणि दिवस कलता कलता मी कोरेगावला उतरलो. डब्यातला व्हॉल्व्ह आता लांबून पाहणाऱ्याला एखाद्या भांड्यावर उपडं ठेवलेलं दुसरं भांडं वाटला असता, आणि त्याच्या फटींत अजून कुंकू होतं.

माझं कार्ड माझ्या आधी पोचलं होतं. त्यामुळे वाचनालयात सतरंजी होती, खुर्च्या होत्या, आणि अण्णासाहेब लोकरी कोटात होते. पायरीवर हौसाबाई आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या आणखी सात-आठ बाया बसल्या होत्या. मी डबा उघडला. अण्णासाहेबांनी चष्मा लावला.

"हा कसला?"

"अमेरिकन आहे. बसवून घेतलाय."

"आणि आपला?"

"त्याचं बूड खाली आहे. वरचा भाग फुटला."

"फोडला की फुटला?"

"फोडला."

अण्णासाहेब समितीकडे वळले. संस्थेची वस्तू ठरावाशिवाय फोडता येते का, आणि परकीय वस्तू सेटमध्ये घालून काही झालं तर जबाबदार कोण, असे दोन प्रश्न त्यांनी मांडले. दोन सभासदांनी दोन मतं दिली. मग अण्णासाहेब उभे राहिले आणि ज्या परिस्थितीत समितीने हे कार्य हाती घेतलं तिच्याविषयी बोलू लागले. घड्याळात सातला दहा कमी होते. मी झाकण उघडून तारा चाचपत होतो.

"आवं," पायरीवरून हौसाबाईचा आवाज आला, "भाशान मागनं करा की. सात वाजाय आलं."

अण्णासाहेब खाली बसले. मी व्हॉल्व्ह खाचेत बसवला, बॅटरी जोडली, खटका दाबला. काही झालं नाही. मी हवालदाराचे शब्द आठवत, अडवणारी तार दाबून धरली. आत लाल रेघ उमटली. मग खरखर, मग बारीक शिट्टी, आणि मग सगळ्या खोलीत भरून राहील असा दिल्लीचा आवाज.

नावं वाचणारा कोणीतरी उत्तरेकडचा होता. मराठी नावांशी त्याचं काही वैर असावं. शिंद्यांचा त्यानं सिंध केला, पवारांचा परमार. गावांचं तर विचारायलाच नको. बायका पदर कानामागे घेऊन पुढे वाकल्या होत्या. प्रत्येक नावाला एकमेकींकडे पाहत होत्या आणि माना हलवत होत्या. यादी संपत आली तेव्हा तो म्हणाला, "सिपाही साकाराम यादव, गोरेगाँव, सितारा."

हौसाबाई उठून उभी राहिली.

"त्योच," ती म्हणाली.

बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेला. मी म्हटलं, "हौसाबाई, त्यानं यादव म्हटलं. गोरेगाव म्हटलं. गोरेगावं पुष्कळ आहेत. नक्की समजू नका. मी उद्या लष्करी कचेरीला पत्र घालतो, विचारून घेतो."

"इचारा," ती म्हणाली. "पर माज्या पोराचं नाव मी ठेवलंय. कुनी कसंबी घिऊ द्या, मला कळतंय."

ती घरी गेली आणि गूळ घेऊन आली. सगळ्यांना वाटला. ज्यांच्या पोरांची नावं आली नव्हती त्या बायांच्या हातात तिनं जरा मोठे खडे ठेवले. मी माझा खडा खिशात घातला. खात्री झाल्याशिवाय खाऊ नये, असं मला वाटलं. अण्णासाहेबांनी पुढच्या सभेत समितीच्या दूरदृष्टीबद्दल समितीचेच आभार मानले, आणि जळक्या व्हॉल्व्हच्या काचेबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. तो मी दिला.

पाच दिवसांत मी दोन दुकानदारांना भेटलो. त्यांना व्हॉल्व्हची सगळी नावं पाठ होती आणि त्यांच्याकडे व्हॉल्व्ह नव्हता. व्हॉल्व्ह ज्या घरात होता, तिथे त्याला फक्त दिवा म्हणत. मी घरी बसून हे सगळं कधी शिकलो नसतो. प्रवासाचा एवढा तरी गुण मानायला हवा.

सखाराम माघात आला. पुण्याच्या गाडीतून उतरून, ट्रंक नसल्यामुळे, सरळ चालत घरी गेला. पाहणाऱ्याला तो सखाराम आहे हे पटायला वेळ लागे, इतका वाळला होता. शिराळ्याला मी त्याच दिवशी पत्र टाकलं.

तो आल्यानंतर आठवड्याने लष्करी कचेरीचं माझ्या पत्राला उत्तर आलं. टंकलिखित, सहीशिक्क्याचं. अशा नावाच्या शिपायाबद्दल या कचेरीकडे कोणतीही माहिती उपलब्ध नाही. मी ते घेऊन जाधवांच्या घरी गेलो आणि सखारामला मराठी करून वाचून दाखवलं. मला वाटलं तो हसेल.

तो अंगणात उन्हाला बसला होता. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, शिक्का नीट पाहिला आणि परत दिला.

"बराबर लिवलंय, मास्तर," तो म्हणाला. "माजी म्हाईती मलाबी लय दिस नव्हती."